गोड्या पाण्यावरचे संशोधन: नव्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तलाव, नद्या, ओढे आणि पाणथळ जागांवर एमएस्सी किंवा पीएचडीचे काम सुरू करणारे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. क्रम सोप्याकडून किचकटाकडे जातो. एखाद्या गोष्टीचे उत्तर दुसरीकडे आले असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. माझी पदवी जीवशास्त्रातली नाही. हा विषय घेता येईल का?

येईल. सरोवरविज्ञान हा विषय पहिल्यापासून उसनवारीवरच वाढला. त्याचा पाया घालणारे स्विस संशोधक फ्रांस्वा-आल्फोन्स फोरेल वैद्यक शिकलेले होते आणि लोझानला शरीररचनाशास्त्र शिकवत. आयुष्यभर अभ्यास मात्र केला तो जिनिव्हा सरोवराचा: पाण्याचे हेलकावे, तापमान, गाळ, त्यातले जीव, सगळ्याचा.

रसायन, भौतिकी, भूगोल, स्थापत्य, संगणक यांपैकी कुठूनही आलात तरी दोन गोष्टी लागतातच: पदवीपातळीचे संख्याशास्त्र, आणि आर किंवा पायथन यांपैकी एका भाषेत स्वतःची आकडेमोड करण्याइतका हात. बाकीचे शिकता येते. प्रत्येकाची ठेच ठरलेली असते. रसायनवाल्यांना एकाच तलावात दहा मीटरवर आकडा बदलतो हे पचत नाही. जीवशास्त्रवाले ब्लँक (नमुन्याऐवजी नुसते शुद्ध पाणी) आणि स्टँडर्ड (माहीत प्रमाणाचे द्रावण) यांना दुय्यम समजतात. आणि इंजिनिअर मंडळींना वाटते की किडे ओळखणे हे दोन दिवसांचे काम आहे.

२. रोजचं काम नेमकं काय असतं? होडीत किती वेळ जातो?

फोटोंवरून वाटतो त्याहून बराच कमी. ढोबळ हिशेब असा: पाण्यावर एक दिवस गेला की त्यातून आलेल्या बाटल्या, फिल्टर आणि बरण्या उरकायला प्रयोगशाळेत तीन-चार दिवस लागतात, आणि त्या आकड्यांचा अर्थ लावायला त्याहून जास्त. प्लवक किंवा तळजीव मोजणाऱ्यांचा हिशेब आणखी वाईट. एका नमुन्यासाठी सूक्ष्मदर्शकासमोर अख्खा दिवस जाऊ शकतो. नमुने किती घ्यायचे हे होडीत किती मावतात यावर ठरवू नका, मोजणाऱ्याकडे किती तास आहेत यावर ठरवा. फ्रीझरमध्ये पडून राहिलेले नमुने हा या क्षेत्रातला सर्वांत मोठा अपव्यय आहे.

३. एमएस्सी आणि पीएचडीसाठी विषय निवडताना काय फरक पडतो?

एमएस्सीला एक प्रश्न, एक हंगाम आणि दुसऱ्याने पारखलेली पद्धत पुरे. नवी पद्धत बसवणे आणि तिने प्रश्न सोडवणे, ही दोन्ही कामे एका प्रबंधात घातली की दोन्ही अर्धवट राहतात.

पीएचडीला तीन-चार प्रकरणे लागतात, आणि त्यांतले निदान एक हवामानावर अवलंबून नसावे: जुन्या आकड्यांचे विश्लेषण, प्रतिमान किंवा प्रयोगशाळेतला प्रयोग. पूर, दुष्काळ, बंद पडलेला सेन्सर यांपैकी काहीतरी तीन वर्षांत होतेच (प्रश्न १८ पाहा).

विषय पक्का आहे का हे तपासायची सोपी कसोटी: एकही नमुना घेण्याआधी प्रबंधातला मुख्य आलेख कागदावर काढा. आडव्या अक्षावर काय, उभ्या अक्षावर काय, किती ठिपके, आणि तुमचे म्हणणे चुकीचे असेल तर आलेख कसा दिसेल. हे काढता आले नाही, तर अजून प्रश्न सापडलेला नाही.

४. मार्गदर्शकांना पहिला ईमेल कसा लिहावा?

आठ-दहा ओळींत. त्यांच्या कोणत्या कामामुळे लिहिताय, त्यात तुम्हाला कोणता प्रश्न उरलेला वाटतो, तुम्हाला हाताने काय काय करता येते (फिल्टरेशन, टायट्रेशन, आर, होडी चालवणे), आणि कधीपासून येऊ शकता. ‘मला पर्यावरणाची आवड आहे’ हे प्रत्येकच जण लिहितो. शिष्यवृत्ती किंवा मानधनाचे विचारायला संकोच करू नका. फील्डचा खर्च आणि नमुन्यांच्या तपासणीचा खर्च कोणाकडे, हेही पहिल्या भेटीतच विचारा. तिथल्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी मार्गदर्शकांच्या गैरहजेरीत बोलून घ्या.

५. मला पोहता येत नाही. अडेल का?

होडीवरचे काम बहुतेक ठिकाणी अडते. प्रयोगशाळा, विश्लेषण किंवा उथळ ओढ्यातले काम चालू राहू शकते. पण पोहता येणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे. थंड पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटातली धाप आणि आखडणारे हातपाय चांगल्या पोहणाऱ्यालाही बुडवतात. म्हणून लाइफ जॅकेट अंगात हवे. होडीच्या तळाशी ठेवलेले उपयोगाचे नाही.

वाहत्या पाण्यात उतरण्याआधी खोली (मीटर) आणि वेग (मीटर प्रतिसेकंद) यांचा गुणाकार करा. तो ०.९ च्या आसपास किंवा वर गेला तर उतरू नका. म्हणजे ६० सेंटिमीटर पाणी दीड मीटर प्रतिसेकंद वेगाने धावत असेल, तर मांडीएवढेसुद्धा नसलेले ते पाणी तुम्हाला उलथवते. छातीपर्यंतचे वेडर्स घातले असतील तर कमरेला पट्टा घट्ट बांधा, नाहीतर पडल्यावर ते पाण्याने भरतात. एकट्याने जायचे नाही. परतण्याची वेळ किनाऱ्यावरच्या कोणाला तरी सांगून ठेवायची. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास पाण्यावर जायचे नाही.

६. पहिल्या फील्डच्या दिवशी कामाचा क्रम काय ठेवावा?

ज्याने पाणी ढवळले जाते ते काम शेवटी. आधी नुसते बघायचे आणि नोंदवायचे: वेळ, ढग, वारा, पाण्याचा रंग, तवंग. मग पाण्याची पारदर्शकता मोजणारी सेक्की चकती (प्रश्न ७ पाहा). मग प्रोबने वरून खाली तापमान, ऑक्सिजन, पीएच आणि विद्युतवाहकता. त्यानंतर पाण्याचे नमुने, मग प्लवकांची जाळी, आणि सगळ्यात शेवटी गाळ. ओढ्यात काम करताना खालच्या अंगाने सुरुवात करून प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने वर जायचे, म्हणजे तुमच्याच पायांनी उठलेला गाळ पुढच्या नमुन्यात येत नाही.

बाटल्यांवरची लेबले आदल्या रात्री, कोरड्या बाटलीवर, पेन्सिलने किंवा अल्कोहोलने न पुसल्या जाणाऱ्या शाईने लिहा. साध्या मार्करचे अक्षर इथेनॉल सांडले की गायब होते. जीवांच्या बरणीत आतही एक चिठ्ठी टाका, जाड कागदावर पेन्सिलने. झाकणावर कधीच लिहू नका. झाकणे बदलतात.

खोलीवरचे पाणी व्हॅन डॉर्न बाटलीने घेताना ती तळाला टेकू देऊ नका. टेकली तर ओतून टाका आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा घ्या. गाळाच्या एका ढगाने फॉस्फरसचा आकडा कितीतरी पट वाढतो, आणि प्रयोगशाळेत बसलेल्याला ते कळायला मार्ग नसतो.

७. सेक्की चकती इतकी साधी आहे. तिचा आकडा अजून कोणी मानतं का?

मानतात, कारण १८६५ मध्ये इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी भूमध्य समुद्रात ती वापरल्यापासून पद्धत फारशी बदललेली नाही, आणि त्यामुळे जुने आकडे आजच्या आकड्यांशी ताडता येतात. तलावांसाठी २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या पाव भागांची चकती वापरतात.

होडीच्या सावलीच्या बाजूने, साधारण सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, गॉगल न लावता ती सोडा. दिसेनाशी झाली ती खोली नोंदवा, थोडी आणखी खाली जाऊ द्या, वर ओढा, पुन्हा दिसली ती खोली नोंदवा, आणि दोन्हींची सरासरी घ्या. दोरी तिरपी जात असेल तर आकडा फुगतो, वजन वाढवा. सुती दोरी भिजून आटते किंवा ताणते, म्हणून खुणा दर हंगामात मोजपट्टीने तपासा. चकती तळाला टेकेपर्यंत दिसत राहिली, तर ‘तळापेक्षा जास्त’ असे लिहा. तळाची खोली पारदर्शकता म्हणून टाकू नका.

८. प्रोब असताना विंकलर टायट्रेशन कशाला शिकायचं?

प्रोब खोटे बोलतो तेव्हा पकडायला. प्रकाशीय ऑक्सिजन प्रोब उत्तम चालतो, पण कॅलिब्रेशनच्या वेळी त्याला स्थानिक वायुदाब सांगावा लागतो. इथे नेहमीची चूक होते. हवामान खात्याचा जाहीर आकडा समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो. उंचीवरच्या तलावाकाठी तो तसाच भरला, तर दर १०० मीटर उंचीमागे एक टक्क्याहून थोडी जास्त चूक घुसते. ६०० मीटरवर ती सात टक्क्यांच्या आसपास जाते, आणि ती प्रत्येक नोंदीत एकाच दिशेने असल्यामुळे आलेखात दिसतही नाही.

पाण्यातला ऑक्सिजन रसायनांनी मोजण्याची विंकलरची पद्धत १८८८ ची. ३०० मिलिच्या बाटलीत बुडबुडा न ठेवता पाणी भरा. पिपेटचे टोक पृष्ठभागाखाली ठेवून १ मिलि मँगनस सल्फेट आणि १ मिलि अल्कली-आयोडाइड-अझाइड घाला, बूच लावून उलटसुलट करा. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. साका खाली बसल्यावर १ मिलि तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून तो विरघळवा. मग २०१ मिलि घेऊन ०.०२५ मोलर थायोसल्फेटने फिकट गवती रंगापर्यंत या, स्टार्च घाला, निळा रंग जाईपर्यंत थेंब थेंब सोडा. जेवढे मिलि लागले तेवढे मिग्रॅ प्रतिलिटर. वरचा १ मिलि अभिकर्मकांनी बाहेर ढकललेल्या पाण्याची भरपाई आहे. निळा रंग काही वेळाने परत आला तर तो मोजायचा नाही. स्टार्च लवकर घातला तर आयोडीन त्यात अडकून शेवटचा बिंदू रेंगाळतो.

नोंदवताना मिग्रॅ प्रतिलिटर आणि संपृक्ततेची टक्केवारी दोन्ही ठेवा. समुद्रसपाटीला २० अंशांवर संपृक्त पाण्यात ९.१ मिग्रॅ ऑक्सिजन असतो, ३० अंशांवर ७.६ च. नोंद सकाळची की दुपारची, हेही लिहा. भरपूर शेवाळ असलेल्या तलावात पहाटेचा आणि दुपारी तीनचा आकडा दोन वेगळ्या तलावांचे वाटावेत इतके लांब जातात.

९. नमुना किती दिवस ठेवता येतो?

काय मोजायचे आहे त्यावर. पीएच, तापमान आणि ऑक्सिजन जागेवरच. विरघळलेला फॉस्फेट मोजायचा असेल तर पाणी तिथेच ०.४५ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळा, ४ अंशांवर ठेवा, ४८ तासांत मोजा. न गाळता नेलेत तर वाटेत बाटलीतले जिवाणू आणि शेवाळ फॉस्फेट खाऊन टाकतात किंवा सोडतात. नायट्रेटलाही तोच ४८ तासांचा नियम. एकूण फॉस्फरससाठी सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणले तर २८ दिवस मिळतात.

गोठवायचे असेल तर बाटली पूर्ण भरू नका, नाहीतर ती फुटते. सिलिका मोजायची असेल तर गोठवू नका, तिचे रेणू जोडले जाऊन आकडा कमी येतो. एकाच बाटलीतून सगळे मोजण्याचा मोह टाळा. एका घटकाला टिकवणारे रसायन दुसऱ्याचा नाश करते.

१०. माझे क्लोरोफिलचे आकडे दर वेळी वेगळे येतात. चूक कुठे होत असेल?

शक्यतेच्या क्रमाने सांगायचे तर: प्रकाश, दाब, काढणी, क्यूव्हेट (प्रकाशमापकात ठेवायची छोटी पारदर्शक नळी).

फिल्टर करताना खोलीत मंद उजेड ठेवा आणि फिल्टर लगेच ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून उणे २० अंशांत, जास्त दिवस ठेवायचा असेल तर उणे ८० मध्ये टाका. जीएफ-एफ फिल्टर वापरा, त्याची छिद्रे नाममात्र ०.७ मायक्रोमीटरची असतात. पंपाचा दाब २० किलोपास्कलच्या वर नेऊ नका, पेशी फुटून रंग खाली निघून जातो. फिल्टर हिरवट दिसेपर्यंत पाणी घाला, आणि किती मिलि घातले ते लिहा. ही एक नोंद विसरली की नमुना फुकट गेला.

९० टक्के ॲसिटोनमध्ये फिल्टर कुटून काही तास ते रात्रभर, अंधारात, ४ अंशांवर ठेवा. हिरव्या शेवाळाच्या जाड भिंतींना नुसते भिजवणे पुरत नाही. त्यानंतर सेंट्रिफ्यूज करून ७५० आणि ६६४ नॅनोमीटरवर वाचा. ७५० चा आकडा म्हणजे गढूळपणा, तो वजा होतो. मग ३ मिलिला ०.१ मिलि या प्रमाणात ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल घाला, ९० सेकंद थांबा, ६६५ आणि ७५० वर पुन्हा वाचा. आम्लाआधीचा आणि नंतरचा आकडा यांचे गुणोत्तर १.७ जवळ असेल तर क्लोरोफिल ताजे आहे, १.० जवळ असेल तर तुम्ही मेलेले शेवाळ किंवा खराब ठेवलेला फिल्टर मोजताय. आम्लाचा एखादा थेंब क्यूव्हेटमध्ये राहिला तर पुढचा नमुनाही बिघडतो.

आणि क्यूव्हेट काचेचे घ्या. पॉलिस्टायरिनचे स्वस्त क्यूव्हेट ॲसिटोनमध्ये धूसर होऊन विरघळते. पहिल्या वर्षाला हे एकदा तरी होतेच.

११. फॉस्फरसच्या ब्लँकमध्येच निळा रंग येतो. काय करू?

काम थांबवा आणि उगम शोधा. ब्लँक वजा करून पुढे जाणे हा उपाय नव्हे, कारण बाहेरून आलेला फॉस्फरस प्रत्येक नळीत सारखा नसतो.

पहिला संशयित साबण. या कामाची काच फॉस्फेटयुक्त साबणाने धुवायचीच नाही. १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर बुडवून ठेवा, शुद्ध पाण्याने पाच-सहा वेळा खंगाळा, आणि या काचेचा कप्पा वेगळा ठेवा. दुसरा संशयित हात, तिसरा शुद्ध पाण्याचे यंत्र, चौथा जुने अभिकर्मक. मर्फी आणि रायली यांच्या १९६२ च्या पद्धतीतले मिश्र अभिकर्मक चार तासच टिकते, आणि ॲस्कॉर्बिक आम्लाचे द्रावण थंड ठेवले तरी आठवड्याभरात बदला. नमुन्यात अभिकर्मक घातल्यावर १० ते ३० मिनिटांत ८८० नॅनोमीटरवर वाचा. चहाला जाऊन आलात तर शेवटच्या नळ्यांचा रंग पहिल्या नळ्यांपेक्षा गडद झालेला असतो.

पाण्यात आर्सेनेट असेल तर तोही असाच निळा रंग देतो. आर्सेनिकग्रस्त भूजलावर काम करणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी लक्षात घ्यावे.

१२. वनस्पती-प्लवक किती मोजले म्हणजे पुरे?

प्लवक मोजणीच्या कक्षात स्वैर विखुरलेले असतील, तर मोजणीतली चूक सुमारे दोन भागिले मोजलेल्या संख्येचे वर्गमूळ इतकी असते. १०० मोजले तर अधिक-उणे २० टक्के, ४०० मोजले तर १० टक्के. १,६०० मोजले तरी ५ टक्केच, म्हणून ४०० वर थांबणे परवडते. पण हे प्रत्येक जातीला लागू आहे. ४०० पैकी ९ असलेल्या जातीबद्दल फार काही बोलू नका.

टिकवायला लुगॉलचे आयोडीन, पाण्याला फिकट चहाचा रंग येईपर्यंत. काचेच्या बाटलीत, अंधारात. प्लास्टिक आयोडीन शोषून घेते, आणि रंग उडालेला नमुना कुजतो, म्हणून महिन्यातून एकदा रंग बघून थोडे आयोडीन वाढवा. युटरमोल कक्षात (प्लवक तळाशी बसवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची उभी नळी) दर सेंटिमीटर उंचीला ३ ते ४ तास बसू द्या. वायूच्या पोकळ्या असलेले सायानोबॅक्टेरिया मात्र तरंगत राहतात आणि मोजणीतून सुटतात. बाटलीचे बूच दाबून किंवा आपटून त्या पोकळ्या आधी मोडाव्या लागतात.

१३. प्राणी-प्लवक आणि तळातल्या किड्यांसाठी जाळी कोणती?

प्राणी-प्लवकांसाठी ६४ मायक्रोमीटरची जाळी बरेच काही पकडते, पण लहान रोटिफर (सूक्ष्म प्राणी-प्लवक) तिच्यातून निसटतात. ३० सेंटिमीटर तोंडाची जाळी १० मीटर ओढली तर हिशेबाने ७०७ लिटर पाणी गाळले जाते. शेवाळ दाट असेल तर जाळी तुंबते आणि प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी गाळले जाते. अशा वेळी तोंडाशी प्रवाहमापक लावा किंवा ओढ छोटी करा. सेकंदाला अर्धा मीटर वेग ठीक. डॅफ्निया (पाणपिसू) फुगून तिची अंडी बाहेर पडू नयेत म्हणून ४ टक्के फॉर्मालिनमध्ये लिटरला ४० ग्रॅम साखर घालतात. फॉर्मालिन कर्करोगकारक आहे, फ्यूम हूडमध्येच वापरा.

ओढ्यातल्या किड्यांसाठी ५०० मायक्रोमीटरची सर्बर जाळी, चौकट ३० बाय ३० सेंटिमीटर. बरणीत ९५ टक्के इथेनॉल घाला, कारण किडे आणि पाला स्वतःचे पाणी सोडून ते पातळ करतात. दुसऱ्या दिवशी बदलून ७० ते ८० टक्के करा. मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय यांची पिल्ले कुळापर्यंत ओळखणे काही आठवड्यांत जमते. कायरोनोमिड अळ्या जातीपर्यंत नेणे हा वेगळाच धंदा आहे. डोके कापून स्लाइड करावी लागते. प्रबंधात तिथपर्यंत जाणे खरोखर लागते का, ते आधी ठरवा.

१४. एका तलावातून दुसऱ्यात जाताना साहित्य नुसतं धुतलं तर चालतं?

नुसते धुणे पुरत नाही. झेब्रा शिंपल्याच्या अळ्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी ओल्या बुटांवरून प्रवास करते. चिखल आणि पाला काढा, होडीतले व बादलीतले पाणी त्याच तलावाकाठी ओता, ६० अंशांच्या गरम पाण्याने धुवा आणि शक्य तितके दिवस पूर्ण कोरडे होऊ द्या. नमद्याचे तळवे असलेले बूट टाळा, ते आतून कधी वाळतच नाहीत. एका दिवसात दोन जागा करायच्या असतील तर स्वच्छ जागा आधी, आक्रमक जाती असलेली जागा नंतर.

१५. पर्यावरणीय डीएनएत मासा सापडला. तो तिथे राहतो असं लिहू का?

पर्यावरणीय डीएनए म्हणजे जीवांनी पाण्यात सोडलेला डीएनए, म्हणून ‘डीएनए सापडला’ एवढेच लिहा. वाहत्या पाण्यात डीएनए कित्येक किलोमीटर खाली येऊ शकतो. तो पक्ष्याच्या विष्ठेतून, सांडपाण्यातून किंवा तुमच्या आधीच्या फील्डच्या बुटांवरूनही येतो. म्हणून प्रत्येक दिवशी शुद्ध पाण्याचा फील्ड ब्लँक त्याच बाटलीने, त्याच फिल्टरने करायचा, साहित्य १० टक्के ब्लीचने धुऊन नीट खंगाळायचे, दर जागेला नवे हातमोजे. फील्ड ब्लँकमध्ये मासा निघाला तर त्या दिवसाचा निकाल गेला.

उलट, काहीच सापडले नाही तर आधी अडथळ्याचा विचार करा. पानगळीच्या तपकिरी पाण्यातली ह्युमिक आम्ले पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) बंद पाडतात. काढलेला डीएनए दहापट पातळ करून पुन्हा चालवा. पातळ केल्यावर सिग्नल आला, तर अडथळा होता.

१६. एका तलावातून दहा बाटल्या घेतल्या. माझे दहा रेप्लिकेट (स्वतंत्र पुनरावृत्त्या) झाले ना?

प्रश्न कशाबद्दल आहे त्यावर. ‘या तलावात आज सरासरी किती?’ असा असेल तर हो. ‘शेतीने वेढलेल्या तलावांत जंगलातल्या तलावांपेक्षा जास्त फॉस्फरस असतो का?’ असा असेल तर तुमचा नमुना एकच आहे, त्याच्या दहा बाटल्या आहेत. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला छद्म-पुनरावृत्ती म्हटले, आणि परीक्षक आजही सर्वांत आधी तीच शोधतात. बाटल्या कमी करा, तलाव वाढवा.

मग कॅनडातल्या प्रायोगिक सरोवर क्षेत्रातल्या २२६ क्रमांकाच्या सरोवराचे काय? ते १९७३ मध्ये पडदा लावून दुभागले गेले. दोन्ही बाजूंना कार्बन आणि नायट्रोजन घातला, एकाच बाजूला फॉस्फरसही घातला, आणि त्याच बाजूला शेवाळ माजले. पुनरावृत्ती शून्य. तरीही ते मानले गेले, कारण परिणाम प्रचंड होता, कारण-कार्याची यंत्रणा माहीत होती, आणि इतर सरोवरांतल्या प्रयोगांशी ते जुळत होते. अख्ख्या तलावावरच्या प्रयोगात पी-मूल्य काढण्यापेक्षा आधीची आणि नंतरची अनेक वर्षे, आणि शेजारचा न छेडलेला तलाव, हे जास्त बोलते.

१७. यंत्र ‘मोजता येत नाही’ म्हणतं तिथे शून्य लिहू की निम्मं?

दोन्ही नको. शोधमर्यादा साधारणपणे ब्लँकच्या प्रमाण विचलनाच्या तिप्पट धरतात. तिच्याखालचा आकडा ‘२ पेक्षा कमी’ असा, मर्यादेसह नोंदवा. निम्मे भरण्याची रीत जुनी आणि सोपी आहे, पण तिने विचलन खोटे कमी होते, आणि हंगामाच्या मध्यात मर्यादा बदलली तर नसलेला कल दिसू लागतो. खंडित आकड्यांसाठी कॅप्लान-मायर किंवा क्रमसांख्यिकी प्रतिगमन वापरा, दोन्हींची पॅकेजेस आरमध्ये आहेत. निम्म्याहून जास्त आकडे मर्यादेखाली असतील तर सरासरी सांगू नका, ‘किती टक्के नमुन्यांत सापडले’ ते सांगा.

१८. हंगामाच्या मधोमध लॉगर (पाण्यात राहून आपोआप नोंदी घेणारे यंत्र) बंद पडला. प्रबंध गेला का?

बहुधा नाही, पण आकडे भरून काढण्याआधी भोक कुठे आहे ते बघा. दोन दिवसांची स्थिर हवेतली फट शेजारच्या नोंदींवरून भरता येते, भरलेली म्हणून खूण करून. पुराच्या चार दिवसांची फट भरता येत नाही, कारण वर्षभराचा बराचसा गाळ आणि फॉस्फरस त्याच चार दिवसांत वाहून जातो.

पुढच्या वेळेसाठी: दर दोन-तीन आठवड्यांनी सेन्सर पुसा, आणि पुसण्याआधी व नंतर शेजारी स्वच्छ प्रोब धरून दोन्ही नोंदी घ्या. त्या फरकावरूनच शेवाळ चढल्याने आलेली चूक आणि सेन्सरचे सरकणे वेगळे करता येते. घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर ठेवा. दोन लॉगरांत तासाचा फरक निघाला की रात्रीच्या श्वसनाची सगळी आकडेमोड सरकते.

१९. सेक्की, क्लोरोफिल आणि फॉस्फरस यांवरून काढलेले तीन कार्लसन निर्देशांक जुळत नाहीत. कुठला खरा?

तिन्ही. तुमच्या तलावाची खरी गोष्ट त्यांच्या न जुळण्यातच आहे. तलावात शेवाळ किती वाढते याची पातळी सांगणाऱ्या १९७७ च्या या निर्देशांकात सेक्कीसाठीचे सूत्र ६० उणे १४.४१ गुणिले खोलीचा नैसर्गिक लॉगॅरिदम असे आहे. म्हणजे १ मीटरला ६०, २ मीटरला ५०. पारदर्शकता निम्मी झाली की १० अंक वाढतात.

सेक्कीचा निर्देशांक क्लोरोफिलपेक्षा मोठा आला तर पाणी शेवाळाने नाही, मातीने किंवा तपकिरी रंगाने गढूळ आहे. क्लोरोफिलचा मोठा आला तर शेवाळ मोठ्या पुंजक्यांत असावे. पुंजक्यांच्या मधून प्रकाश खाली जातो. फॉस्फरसचा मोठा आणि क्लोरोफिलचा लहान असेल तर शेवाळाला दुसरेच काहीतरी अडवत आहे: नायट्रोजन, उजेड किंवा भुकेली डॅफ्निया. तिघांची सरासरी काढून एकच आकडा छापणे म्हणजे ही सगळी माहिती पुसून टाकणे. आणि वर्गीकरणासाठी एकच हवा असेल तर क्लोरोफिलचा घ्या, कारण शेवाळाला थेट मोजणारा तोच आहे.

२०. मी नमुने गोळा केले, दुसऱ्याने विश्लेषण केलं. पेपरवर पहिलं नाव कोणाचं?

सहसा मसुदा लिहून मुख्य विचार पुढे नेणाऱ्याचे. पण हे काम सुरू होण्याआधी लेखी ठरवा, ईमेलमधल्या दोन ओळी पुरतात, आणि कामाची वाटणी बदलली की त्या ओळीही बदला. फक्त होडी चालवली किंवा बाटल्या धुतल्या यासाठी आभार मानतात. नमुन्यांची आखणी केली, नोंदी पारखल्या, निकालाचा अर्थ लावला, तर नाव आले पाहिजे. कच्चे आकडे कुठे आणि कोणाच्या नावाने ठेवले जातील, आणि विद्यार्थी गेल्यावर ते कोण वापरू शकेल, हेही त्याच ईमेलमध्ये लिहून टाका.

२१. पंधरा वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्याचे आकडे मिळाले आहेत. ते माझ्या आकड्यांना जोडू का?

आधी पद्धत जोडा, मग आकडे. फिल्टर कोणता होता, क्लोरोफिल ॲसिटोनने काढले की इथेनॉलने, आम्लाची दुरुस्ती केली होती का, फॉस्फरस गाळून मोजला की न गाळता, नमुना काठावरून घेतला की मध्यातून. यांपैकी एखादी गोष्ट बदलली असेल, तर आलेखात दिसणारी पायरी तलावाने घेतलेली नसून पद्धतीने घेतलेली असू शकते. काही महिने दोन्ही पद्धती समांतर चालवून रूपांतराचा गुणक काढता येतो. जुने साहित्य उरले नसेल तर दोन काळ वेगवेगळे मांडा, मध्ये रेघ ओढा आणि रेघेचे कारण आलेखाखालीच लिहा. जुन्या वहीत ‘पाणी हिरवे, वास’ अशी नोंद सापडली, तर तिलाही तारखेसह जागा द्या. तिला कॅलिब्रेशन लागत नाही.